खैतानच्या खोलीतला कौल

तो शुक्रवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती, हाताखाली एकही शिपाई नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो देशही माझा नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच गुन्ह्यांचा तपास केला. पण लिहायला बसलो की आधी डोळ्यांपुढे येते ती ही चौकशी. कुठल्याही ठाण्याच्या डायरीत तिची नोंद नाही. यात कुणाचंही नाव मी देणार नाही. ती माणसं आजही कष्ट करून खात आहेत.

निवृत्तीनंतर मी कुवेतला मुलीकडे गेलो होतो. जावई नाशिकचे, मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत इंजिनिअर. घर फहाहीलला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या शाळेत शिकलो. वडील बाजारात पोती शिवायचे. घरातला पहिला पदवीधर मी, आणि तोही एका मास्तरांनी परीक्षेचा फॉर्म स्वतःच्या खिशातून भरला म्हणून. पुढे परीक्षा देऊन फौजदार झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे संध्याकाळी समुद्राकाठी फिरताना मनात एकच यायचं, की आपल्याला मिळायला हवं होतं त्यापेक्षा जास्तच मिळालं.

एका गुरुवारी संध्याकाळी जावयांच्या ओळखीचा एक वेल्डर घरी आला. कुडाळकडचा, चाळिशीचा. रिफायनरीत ठेकेदाराकडे कामाला होता.

"साहेब, तुमी सावंतवाडीकडे होतात असां इंजिनिअरसाहेबांनी सांगितलां."

"होतो. तीन वर्षं. गोव्याच्या सीमेजवळच्या ठाण्यात."

"मग तुमका आमची माणसां कळतली," असं म्हणून तो चहाचा कप हातात तसाच धरून बसला.

ठाण्यात मी एक गोष्ट पाहिली आहे. चहा पटकन पिऊन टाकणाऱ्याला लवकर सुटायचं असतं. चहा गार होईपर्यंत कप धरून बसतो, त्याला काही सांगायचं असतं. मी थांबलो.

हकीकत अशी होती. कुवेतच्याच खैतान भागातल्या एका खोलीत कोकणातली सहा माणसं राहत होती. त्यातल्या तिघांनी मिळून गावाकडे एक छोटी कंपनी काढायचं ठरवलं होतं. हॉटेलांची स्टीलची स्वयंपाकघरं, धूर ओढणाऱ्या पत्र्याच्या नळ्या आणि एसी, असं काम. एक हा वेल्डर. दुसरा एसी मेकॅनिक, तिघांत लहान. तिसरा एका कारखान्यात नळ्यांच्या कामावरचा फोरमन. तो छप्पन वर्षांचा, खोलीतला सगळ्यांत जुना. त्याला सगळे दादा म्हणत. फोरमन आणि मेकॅनिक एकाच गावचे, सावंतवाडी तालुक्यातले. गोव्याची हद्द तिथून अर्ध्या तासावर.

"पयलो ठराव असो," वेल्डर म्हणाला, "कंपनी महाराष्ट्रात नोंदवूची. पत्तो दादाच्या घराचो. आम्ही तिघेव हंय, म्हणान भारतात राहणारी संचालक वहिनी. दादाची बायको. सगळां ठरलां. आणि आता ह्या आठवड्यात दादा म्हणता, महाराष्ट्र नको, गोव्यात नोंदवूया. पत्तो तेच्या मेवण्याच्या गाळ्याचो, आणि संचालक मेवणो. तो मेवणो आमी बघूकव नाय!"

"कारण काय सांगितलं?"

"कौल लावल्यान म्हणता. देवान गोवा सांगल्यान."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. तिकडच्या गावांत मोठा निर्णय असला की ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्यानं मांडतो. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी तिथे नोकरीत असताना जमिनीची भांडणं पोलीस ठाण्यात येण्याऐवजी कौलावर मिटलेली पाहिली आहेत. त्या माणसांसाठी तो शब्द शेवटचा.

"मेकॅनिक काय म्हणतो?"

"तो काय म्हणतलो? देवान सांगल्यान, विषय संपलो. रविवारी सह्यांसाठी दूतावासात जावचा हा. दादान राजीनामो दिलो. तेचो इकामा, हंय रवची परवानगी, पाच आठवड्यांत संपता, कायमचो घरी जाता तो. पण साहेब, उद्या शेड, यंत्रां सगळां मेवण्याच्या ताब्यात गेलां तर? आमची सगळी शिल्लक तेच्यात हा."

"तक्रार द्यायची आहे?"

तो एकदम दुखावल्यासारखा झाला. "तक्रार कसली, साहेब? माका हंय आणलो तोच दादान. पयल्या म्हयन्यात तेच्याच खाटीवर निजलंय, तो खाली निजलो. माका फक्त खरां काय ता कळाक व्हया. नायतर माझ्यान सही होवची नाय."

म्हणजे रविवारपर्यंत सत्य कळलं नाही तर भागीदारी तुटणार होती. आणि ती तुटली तर फोरमन बावीस वर्षांनी नुसती बॅग घेऊन घरी जाणार होता.

मी जातो म्हणालो. वेल्डर गेल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, आर यू ऑन ड्युटी?"

"नाही गं. ड्युटी संपली."

"देन व्हाय आर यू रायटिंग?"

खरंच, माझ्या हातात कागद होता. त्यावर तारीख टाकून झाली होती.

तपासात मी कायम एक पथ्य पाळलं. ज्या धंद्यातलं प्रकरण, त्या धंद्यातल्या माणसाला आधी विचारायचं. फसवणुकीच्या एका जुन्या गुन्ह्यात मदत केलेले एक सीए ओळखीचे होते. त्यांना फोन लावला आणि गोवा बरा की महाराष्ट्र, असं सरळ विचारलं.

ते हसले. "साहेब, सगळे इथूनच सुरू करतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, गोव्यात नाही. मुद्रांक शुल्कात थोडं इकडेतिकडे. पण एवढ्याशा कंपनीचं त्यावर काही अडत नाही. महाराष्ट्रात नोंदवली म्हणून गोव्यात काम करायला कुणी अडवत नाही, लागेल तर जीएसटीची नोंदणी तिकडचीही घेता येते. पहिला प्रश्न वेगळाच असतो."

"कुठला?"

"पाटी कुणाच्या दारावर लावायची? त्या जागेचं लाइट बिल पाहिजे, जागामालकाचं नाहरकत पत्र पाहिजे. आणि वर्षातला निम्मा काळ भारतात राहणारा एक तरी संचालक पाहिजे. हे जिथं मिळेल ते तुमचं राज्य. पुढे त्याच राज्यात पत्ता बदलणं सोपं. राज्यच बदलायचं झालं तर जाहिरात, परवानगी, महिने जातात. म्हणून आधी नीट ठरवा म्हणावं."

मी सगळं लिहून घेतलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य कुठलं, ते मात्र त्या दिवशी मला कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी वेल्डर मला खैतानला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरची खोली. सहा खाटा, प्रत्येकीला पडदा. कोपऱ्यात देवाचा फोटो, त्याखाली कोकमाची बरणी. बाकीचे तिघे सुट्टीचे बाहेर गेले होते. मी येणार म्हणून फोरमननं स्वतः फहाहीलच्या बाजारातून पापलेट आणलं होतं. तिथे त्याला जुबैदी म्हणतात. पांढऱ्या मिशा, डोळ्यांवर चष्मा, शर्टाला इस्त्री. मी ठाण्याचा अंमलदार म्हणून नेमला असता असा माणूस.

"साहेब, पोटभर जेवा. चौकशी उपाशीपोटी करू नये," तो हसत म्हणाला. त्याला माहीत होतं मी का आलो ते. वेल्डरनं मान खाली घातली.

जेवल्यावर मी प्रत्येकाशी वेगळं बोलायचं ठरवलं. एकाच वेळी सगळ्यांना विचारलं तर उत्तर सगळ्यांत मोठ्या आवाजाचं येतं. आधी फोरमन. बाकीचे दोघे भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"कौल कधी लावला?"

"गेल्या सोमवारी."

"कुणी?"

"माझ्या भावान. गुरवाक सांगून."

"काय दिला?"

"उजवो. गोवा." उत्तर तयार होतं.

खोटं बोलणारा मुख्य गोष्ट पाठ करून येतो. तिच्या आजूबाजूचं पाठ करायचं राहून जातं. म्हणून मी आजूबाजूचं विचारू लागलो. पाकळ्या किती लावल्या? गाऱ्हाण्यात शब्द काय होते? देवळात आणखी कोण होतं? गुरव थोरला बसला होता की धाकटा? प्रत्येक उत्तराआधी तो थोडा थांबायचा. गुरवाच्या प्रश्नाला त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

मग मेकॅनिकला बोलावलं.

"कौल झाला हे तुला कुणी सांगितलं?"

"दादान."

"गावातून कुणी बोललं?"

"दादा सांगता म्हणजे झालो, साहेब. दादा आरती म्हणता हंय दर गुरवारी. तो देवाच्या नावार खोटां बोलतलो?"

"गावी आई असते ना? फोन कधी करतोस?"

"शुक्रवारीच. आता करतलंय."

"कर. माझं काही सांगू नको. देवळातलं काय नवीन, एवढंच विचार."

त्यानं फोन खाटेवर ठेवून स्पीकर लावला. आधी पाऊस, मग गुडघा, मग शेजारणीची म्हैस. शेवटी त्यानं देवळाचं विचारलं.

"देवळात काय नवीन असतला?" आई म्हणाली. "गुरवाकडे सुवेर नाय? सुनेक चेडू झाला मां! आज आठ दिवस झाले. गुरव देवाक शिवणा नाय, गाऱ्हाणा नाय, कौल नाय. परवा सुवेर सुटतला. तुझ्यासाठी घालूक सांगू काय?"

आई हॅलो हॅलो करत राहिली. मग मेकॅनिकनं फोन बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसला. गुरवाच्या घरी मूल जन्मलं आणि विटाळ धरला, तर त्या दिवसांत कौल होत नाही. म्हणजे सोमवारी कौल लागलाच नव्हता. सगळं ऐकून वेल्डर आत आला. त्याच्या मागून फोरमन.

"दादा, देवाच्या नावार?" वेल्डर ओरडला. "सांग, मेवण्यान काय कबूल केल्यान तुका?"

"कायेक नाय."

"मग कित्याक? आमी तुका बापाच्या जागी मानतो आणि तू..."

"हळू," मी म्हणालो. "शेजारी लोक आहेत. आणि मी इथे व्हिजिट व्हिसावर आहे."

फोरमन खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होता.

नोकरीत असतो तर मी इथेच थांबलो असतो. खोटं सिद्ध झालं होतं, साक्षीदार होता, संशयित गप्प होता. पण असाच थांबल्याची एक चूक माझ्या खाती आहे. तरुणपणी एका शाळेच्या शिपायाचा खोटेपणा मी असाच उघडा पाडला होता. चोरीच्या वेळी घरी होतो म्हणाला, आणि नव्हता. मी दोषारोपपत्र दाखल केलं. कोर्टात कळलं की तो मुलीच्या सासरी हात जोडायला गेला होता आणि ते गावात कळू नये म्हणून घर सांगितलं होतं. तो सुटला, पण तोवर नोकरी गेली होती. तो खोटं बोलला हे मी सिद्ध केलं होतं. का बोलला, हे विचारायचंच राहिलं होतं.

म्हणून मी फोरमनला म्हणालो, "कंपनीची फाइल दाखवा."

फाइल पाहून मला त्याचा हेवा वाटला. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. तिथल्या ओळखपत्राला हे लोक बताका म्हणतात. मुदत संपलेल्या बताक्यांच्याही प्रती त्यानं वर्षावार लावलेल्या होत्या. गोव्याचा संच पूर्ण होता. मेव्हण्याच्या गाळ्याचं लाइट बिल, त्याचं नाहरकत पत्र, सही, सगळं. मग आधीचा, महाराष्ट्राचा संच उघडला. पासपोर्ट, पॅन, फोटो, बायकोचं आधार.

माझ्या पहिल्या ठाण्यातले एक हवालदार सांगायचे, "साहेब, कागदात काय आहे ते सगळेच वाचतात. काय नाही ते वाचा." मी तसं वाचलं. लाइट बिल नव्हतं. घरपट्टीची पावती नव्हती. नाहरकत पत्र टाइप करून ठेवलं होतं, पण "जागामालकाचे नाव" यापुढची रेघ कोरी होती. संपलेला बताकाही जपणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या घराचं लाइट बिल नव्हतं. सीएचा पहिला प्रश्न मला तेव्हा समजला.

मी फाइल मिटली. "चला, जरा पाय मोकळे करू."

खाली उन्हं उतरली होती. किराणा दुकानासमोर माणसं रोट्या घेऊन चालली होती. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"फोरमन, घर कुणाचं?" मी विचारलं.

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भावाचां."

"आणि तुमचा हिस्सा?"

"हंय येताना सोडलंय. हक्कसोड लिहून दिली. एजंटाचे पैसे भावान भरले. तेनां मागितल्यान नाय हा, साहेब. मीच म्हटलंय, तू भरतंस तर घर तुझा. माका वाटला, पाच वर्सांत परत येतलंय आणि माझां वेगळां बांधतलंय. मग पोरींची लग्नां झाली. आवशीचां आजारपण. बांधूचां रवलां."

"पण घरात पैसे तुम्हीच घातले."

"स्लॅब माझो. वरचो मजलो माझो. टायली माझ्यो. कागद भावाचो."

"भाऊ नाहरकत द्यायला नाही म्हणाला?"

"भाव नाय. पुतणो. तो म्हणालो, काका, कंपनीचो पत्तो घातलास आणि उद्या कर्ज झालां तर बँक घरावर येतली. तेचां काय चुकलां? तेचां घर हा. भाव गप रवलो." त्यानं चष्मा काढला. या वेळी तो पुसायची खरंच गरज होती. "बावीस वर्सां मी हंय सगळ्यांका माझां घर, माझां घर सांगतंय. पासपोर्टार तोच पत्तो. पोरांका फोटो दाखवलंय. आता खयच्या तोंडान सांगू, की माझ्याकडे बोर्ड लावूक भिंत नाय?"

"म्हणून देवाला पुढे केलंत."

"गुरवाक फोन केल्लंय मी. खरोच कौल लावचो होतो. तो म्हणालो सुवेर हा, धा दिवस थांबा. दूतावासाची तारीख येवन ठेपली होती. तोंडातना निसटलां. मेवणो साधो माणूस हा, साहेब. तेना एका शब्दान गाळो दिल्यान, म्हणान संचालकव तेकाच घातलंय. पण खोलीतल्या ह्या झिलांका काय सांगू? माझ्यापेक्षा देवाचां ऐकतले, असां वाटलां." मग खूप हळू म्हणाला, "त्या दिवसापास्ना आरती म्हणताना तोंड उघडणा नाय."

इतक्या वर्षांत मी अनेक कबुलीजबाब ऐकले. बहुतेकांना शिक्षेची भीती असते. या माणसाला शिक्षा करणारं कुणी नव्हतं, तरी वर जायला तो उठेना.

"तुम्ही सांगा साहेब तेंका," तो म्हणाला.

"नाही. जबाब तुमचा आहे. माझं काम फक्त लिहून घ्यायचं."

आम्ही वर गेलो. त्यानं उभ्यानंच सांगितलं, काही न वगळता. वेल्डर आधी रागानं ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं.

"म्हणजे दादा, त्यो टायली..."

"कसल्यो टायली?"

"बाथरूमच्यो निळ्यो टायली! धा वर्सां ऐकतंय मी. खयच्या दुकानातल्यो, एक फुटली ती कशी बदलली. माका वाटा, मीच लावलंय त्यो. त्यो तुझ्यो नाय?"

"टायली माझ्यो. भिंत भावाची."

वेल्डर हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "अरे, माझ्याकडे तर टायलीपण नाय! माका सांगूक तुका कसली लाज?"

त्याचा संशय चोरीचा होता. चोरी नाही म्हटल्यावर त्याचा प्रश्न मिटला. पण मेकॅनिक हसला नाही. तो उठला, फोटोसमोरची विझलेली उदबत्ती काढून टाकली आणि म्हणाला, "घराचां माका कायेक नाय. पण तू देवाच्या तोंडात तुझी जीभ घातलंस, दादा. मी सही करूचंय नाय." आणि पडदा ओढून झोपला.

मी परत आलो तेव्हा हे असं अर्धवट होतं. रहस्य उलगडलं होतं, पण भागीदारी वाचली नव्हती. पोलिसाला उलगडा झाला की काम झाल्यासारखं वाटतं. ज्यांचं प्रकरण असतं त्यांचं तिथून सुरू होतं.

शनिवारी सकाळी मेकॅनिक एकटाच बसनं फहाहीलला आला. मुलीनं पोहे दिले, ते त्यानं खाल्ले नाहीत.

"साहेब, कोर्टात खोटी साक्ष दिली तर काय शिक्षा?"

"तुरुंगवास होऊ शकतो."

"आणि तपास चालू असताना तोच माणूस परत इलो, खरां सांगूक?"

"मग आम्ही पुरवणी जबाब घेतो."

"पयलो फाडून टाकतास?"

"नाही. फाडता येत नाही. पहिला तसाच राहतो. पुरवणी त्याच्या मागे जोडतात."

"मग खयचो धरूचो?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, वकिलांनीसुद्धा नाही. मी विचार करून म्हणालो, "दोन्ही वाचायचे. पहिल्यातून कळतं, माणूस कशाला घाबरतो. दुसऱ्यातून कळतं, त्या भीतीपेक्षा त्याला मोठं काय वाटतं. पहिला जबाब पकडला जाण्याआधी दिला होता. दुसरा पकडल्यावर दिला, पण तेव्हाही त्याला पळवाट होती. मेव्हण्यानं फसवलं, भावानं फसवलं, असं काहीही तो म्हणू शकला असता."

त्यानं पोहे जवळ ओढले. "गार झाले," म्हणाला आणि सगळे संपवले.

त्या संध्याकाळी खैतानला तिघे पुन्हा बसले, आणि मला फोनवर घेतलं. या वेळी राज्य निवडायला देवाला विचारलं नाही आणि कुणाच्या घरालाही नाही. मेव्हण्याला व्हिडिओवर बोलावलं. वेल्डरनं त्याची अशी उलटतपासणी घेतली की मी खात्यात असतो तर त्याला भरती करून घेतला असता. गाळा कुणाच्या नावावर, भाडेकरार किती वर्षांचा, सह्यांचे अधिकार कुणाला, संचालकपद किती दिवस. मेव्हणा एका दमात सगळं सांगून म्हणाला, "भाऊजी घरी येऊन पुरेसे दिवस राहिले की माझं नाव काढा. मला माझा नारळाचा धंदा पुरे." गिऱ्हाईक बहुतेक गोव्यातच होतं. पत्ता पक्का होता. तेव्हा ठरलं ते गोवाच, म्हणजे फोरमननं खोट्या कौलात सांगितलं होतं तेच. फक्त आता ते तिघांनी ठरवलं होतं. रविवारी दूतावासात तिघांच्या सह्या झाल्या. मेकॅनिकनं सही सगळ्यांत शेवटी केली, असं वेल्डरनं मला सांगितलं.

पाच आठवड्यांनी फोरमन कायमचा घरी गेला. मीही मुदत संपून परतलो होतो. एका सकाळी त्या तिघांनी मला फोनवर एकत्र घेतलं, एक सावंतवाडीकडून, दोघे खैतानहून. फोरमन राहतो त्याच घरात. पण आता भावाचं घर म्हणतो, आणि झोप बरी लागते म्हणाला. पाटीचं काम झालं होतं. गाळ्यात यंत्र बसवायचं होतं.

मग तो म्हणाला, "काल देवळात गेल्लंय. गुरवाक सगळां खरां सांगितलंय, तुझ्या नावार खोटां बोललंय, माफी कर, असां गाऱ्हाणा घालूक लायलंय. पाकळ्यो लायल्यो."

"मगे?" मेकॅनिकनं विचारलं.

"उजवो दिल्यान."

माझी चौतीस वर्षांची सवय जागी झाली. गुरव थोरला होता की धाकटा? पाकळ्या किती? आणि मेकॅनिकचं तर गावच ते. आईला एक फोन केला असता तरी खरं-खोटं कळलं असतं. मी वाट पाहत होतो की तो काय विचारतो.

"बरां झाला," मेकॅनिक म्हणाला. "आता शेडार पत्रो कधी घालतंस, ता सांग."

एकदा खोटं बोललेल्या माणसाचा शब्द पुन्हा विनातपास घ्यायचा, हे आमच्या खात्यात शिकवत नाहीत. शिकवताही येणार नाही, कारण ज्याचं नुकसान झालं त्यालाच तो अधिकार असतो. मी नोकरीभर लोकांचं खोटं शोधत राहिलो आणि ते सापडलं की काम संपलं असं समजत आलो. एका गरीब शिपायाची नोकरी त्यात गेली. खैतानच्या त्या खोलीत मला उशिरा कळलं की तपास संपतो तिथे माणसांचा निकाल अजून लागायचा असतो, आणि तो लावणारे आपण नसतो.

त्या कौलाची खातरजमा मी अजून केलेली नाही. गुरवाचा नंबर माझ्याकडे आहे.